निसिनच्या इशाऱ्यावर चालणारा लॅक्टोकोकस संच: गोव्यातल्या प्रयोगशाळेनं घ्यावा का?

जिवाणूकडून जिवाणूमारक पेप्टाइड बनवून घ्यायचं आणि ते पेशीबाहेर, माध्यमात सोडून घ्यायचं, असं उद्दिष्ट असेल तर लॅक्टोकोकस लॅक्टिसचा एनझेड९००० हा वाण आणि पीएनझेड८०४८ हे प्लास्मिड (गुणसूत्राबाहेरचं डीएनएचं छोटं वर्तुळ), ही जोडी जरूर घ्यावी. नाइस प्रणाली या नावानं ती ओळखली जाते. नेदरलँड्समधल्या संशोधकांनी १९९० च्या दशकात ती उभी केली आणि आज जगभर ती वापरात आहे. मत आधीच सांगून टाकलं, कारण पुढे तक्रारी बऱ्याच येणार आहेत. त्यातल्या बऱ्याचशा संचाच्या नाहीत, आपल्या हवेच्या आणि घाईच्या आहेत.

लॅक्टोकोकस लॅक्टिस हा ताक, लोणी, चीज यांच्या विरजणातला जिवाणू. त्याचे काही वाण निसिन हे ३४ अमिनो आम्लांचं पेप्टाइड बनवतात. खाद्यपदार्थांत ते आयएनएस २३४ या क्रमांकानं परिरक्षक म्हणून चालतं. निसिन बनवणारा जिवाणू बाहेर निसिन आहे का, हे सतत चाचपत असतो. पेशीपटलातलं निसके हे प्रथिन बाहेरचं निसिन ओळखतं, निसआर या जोडीदाराला फॉस्फेट देतं आणि निसआर निसिनच्या जनुकाचा प्रोमोटर, म्हणजे जनुक चालू-बंद करणारा डीएनएचा भाग, सुरू करतो. एनझेड९००० मध्ये निसिन बनवायची जनुकं नाहीतच. फक्त निसआर आणि निसके गुणसूत्रात बसवलेली आहेत. प्रोमोटर प्लास्मिडवर आहे आणि त्याच्यापुढे आपलं जनुक. मिलिलिटरला १ नॅनोग्रॅम निसिन घातलं की जनुक चालू होतं. निसर्गानं घडवलेली यंत्रणा इतक्या कमी मात्रेत, इतकी नेमकी चालताना पाहिली की तिच्याबद्दल आदर वाटल्याशिवाय राहत नाही.

जिवाणूमारक पेप्टाइडांच्या बाबतीत या प्रोमोटरचा मोठा गुण म्हणजे निसिन नसताना तो जवळजवळ पूर्ण बंद असतो. उत्पादन स्वतःच विषारी असण्याची शक्यता असते, तेव्हा आधी पेशी वाढवायच्या आणि मगच उत्पादन सुरू करायचं, हा क्रम पाळता आला पाहिजे. इथे तो पाळता येतो. दुसरा गुण असा की लॅक्टोकोकसला एकच पेशीपटल आहे, त्यामुळे योग्य संकेत-पेप्टाइड (प्रथिनाला पेशीबाहेरचा रस्ता दाखवून तुटून जाणारा सुरुवातीचा तुकडा) जोडलं की माल थेट माध्यमात येतो. ई. कोलायसारखं अंतर्विष (बाहेरच्या पटलातला विषारी घटक) नाही, पेशी फोडायची गरज नाही.

ई. कोलाय आणि त्यात प्रथिनं बनवून घ्यायची नेहमीची पेट प्लास्मिडं घेऊन बसलेल्यांनी मात्र लगेच सोडून इकडे यायचं कारण नाही. मिलिग्रॅमांत शुद्ध पेप्टाइड हवं असेल, किंवा पेप्टाइड ग्रॅम-निगेटिव्ह जिवाणूंना मारणारं असेल, तर थायोरेडॉक्सिनसारख्या प्रथिनाला जोडून ई. कोलायमध्ये निष्क्रिय रूपात बनवणं आणि नंतर प्रोटीएजनं, म्हणजे प्रथिनं कापणाऱ्या एन्झाइमनं, तोडून घेणं हाच मार्ग बरा. नाइस प्रणालीत उत्पादन कमी येतं, पण जे येतं ते घडी घातलेलं, बाहेर आलेलं आणि विरजणातल्या जिवाणूनं बनवलेलं असतं. अन्नात वापरायच्या पेप्टाइडांसाठी हेच महत्त्वाचं.

पहिलं पेप्टाइड म्हणून एन्टेरोसिन पी किंवा पेडिओसिन पीए-१ निवडा. दोन्ही ४४ अमिनो आम्लांची, दोन्ही लिस्टेरिया या अन्नातून येणाऱ्या जिवाणूवर जोरदार चालणारी. एन्टेरोसिन पीला मुळातच नेहमीच्या स्रवणमार्गाचं संकेत-पेप्टाइड आहे, म्हणून ते सोपं. पेडिओसिनला मूळ जिवाणूत स्वतःचा वाहक लागतो आणि त्यात दोन डायसल्फाइड बंध आहेत. पण त्याची १८ अमिनो आम्लांची मूळ शेपटी काढून जागी यूएसपी४५ हे लॅक्टोकोकसचं २७ अमिनो आम्लांचं संकेत-पेप्टाइड बसवलं की तेही बाहेर येतं. जोड अशी करा की संकेत तुटल्यावर पेडिओसिनचं पहिलंच लायसिन उरलं पाहिजे. पुढे एखाददुसरं जास्तीचं अमिनो आम्ल राहिलं तरी मारकशक्ती घटू शकते. आणखी एक गोष्ट मागणी देतानाच ठरवा. पेडिओसिनमधलं ३१ वं मेथिओनिन साठवणीत ऑक्सिडाइज होतं आणि पेप्टाइड निकामी होतं. तिथे ल्युसिन घातलं तर क्रियाशीलता राहते आणि टिकाऊपणा वाढतो. जनुक कृत्रिमरीत्या बनवून घ्यायचंच आहे, तर हा बदल फुकटात होतो. एकेका अमिनो आम्लासाठी तीन अक्षरांचे वेगवेगळे कोडॉन असतात; जनुक लॅक्टोकोकसच्या कोडॉनपसंतीनुसार लिहून घ्या. त्याचा डीएनए ए आणि टीनं भरलेला असतो, जी-सी जेमतेम ३५ टक्क्यांच्या आसपास.

आता या प्लास्मिडची पहिली खरी खोड. आपलं जनुक प्रोमोटरला नेमकं जोडण्यासाठी पीएनझेड८०४८ मध्ये एनसीओ-१ या डीएनए कापणाऱ्या एन्झाइमची जागा दिली आहे, सीसीएटीजीजी. एटीजी हा सुरुवातीचा, मेथिओनिनचा कोडॉन; त्याच्यानंतर जी येणं बंधनकारक. यूएसपी४५ मात्र मेथिओनिन-लायसिननं सुरू होतं आणि लायसिनचा कोडॉन ए नं सुरू होतो. एनसीओ-१ नं सरळ जोडायला गेलात तर दुसरं अमिनो आम्ल बदलतं. उपाय सोपा आहे, पण हस्तपुस्तिका वाचून चटकन सुचत नाही: कृत्रिम जनुकाच्या सुरुवातीला बीएसपीएच-१ ची जागा टाका, टीसीएटीजीए. दोन्ही एन्झाइमांनी कापल्यावर सीएटीजी हीच चिकट टोकं उरतात, ती एकमेकांना जुळतात आणि एटीजीनंतर तुमचं ए जसंच्या तसं राहतं. जोडल्यानंतर ती जागा एनसीओ-१ नं पुन्हा कापली जात नाही, हे लक्षात ठेवा. नाहीतर तपासणीच्या जेलवर तुकडा पडत नाही म्हणून चांगला क्लोन टाकून दिला जातो. दुसऱ्या टोकाला एक्सबीए-१ किंवा हिंड-३ ठेवा आणि जनुकाच्या आत या जागा नाहीत ना ते आधी बघा.

मधला टप्पा ई. कोलायमध्ये करायचा असेल तर फ्रीजरमध्ये हमखास असणारा डीएच५-अल्फा इथे चालत नाही. हे प्लास्मिड रेक-ए (डीएनएची दुरुस्ती करणारं जनुक) शाबूत असलेल्या वाणात वाढवायचं असतं, उदाहरणार्थ एमसी१०६१. ही एक ओळ न वाचल्यानं अनेक विद्यार्थ्यांच्या प्लेटा आठवडाभर कोऱ्या राहतात आणि दोष लायगेजला, म्हणजे डीएनए जोडणाऱ्या एन्झाइमला, दिला जातो.

लॅक्टोकोकसमध्ये प्लास्मिड घालायचं तर विजेच्या धक्क्यानंच. पेशीभित्तिका जाड असल्यामुळे पेशी ग्लायसिन घातलेल्या माध्यमात वाढवून ती कमकुवत करावी लागते. एम१७ माध्यम, ०.५ टक्के ग्लुकोज, ०.५ मोलर सुक्रोज आणि १ ते २.५ टक्के ग्लायसिन. ग्लायसिन एकदम २.५ वर नेलं आणि वाढच झाली नाही, तर १ पासून चढत जा. थोडी मंद वाढ हवी, थांबलेली नको. पेशी बर्फावर ०.५ मोलर सुक्रोज आणि १० टक्के ग्लिसरॉलनं धुवा, मधल्या एका धुण्यात ५० मिलिमोलर ईडीटीए घाला, पण शेवटच्या धुण्यात तो पूर्ण निघाला पाहिजे. २ मिमीच्या क्युव्हेटमध्ये २००० व्होल्ट, २५ मायक्रोफॅरड, २०० ओहम. फटकन आवाज होऊन ठिणगी पडली तर डीएनएत मीठ राहिलं आहे. लायगेशनचं (डीएनए जोडणीचं) मिश्रण सरळ घालू नका, आधी क्षार काढा. धक्क्यानंतर लगेच २० मिलिमोलर मॅग्नेशियम क्लोराइड आणि २ मिलिमोलर कॅल्शियम क्लोराइड असलेलं थंड माध्यम घाला, ३० अंशांवर तास-दीड तास ठेवा आणि मग क्लोरॅम्फेनिकॉल या प्रतिजैविकाच्या प्लेटवर पसरा; प्लास्मिड आत गेलेल्या पेशीच तिथे तगतात. वसाहती दिसायला दोन दिवस लागतात. दुसऱ्याच सकाळी प्लेट फेकू नका.

हे सगळं ३० अंशांवर करायचं, आणि गोव्यात नेमकी इथेच अडचण येते. महाविद्यालयांत जो साधा इन्क्युबेटर असतो तो फक्त तापवतो. एप्रिल-मेमध्ये मडगाव किंवा फोंड्याच्या प्रयोगशाळेत खोलीच ३३-३४ अंशांवर असते; तापवणारं यंत्र खोलीपेक्षा थंड कसं राहणार? पडद्यावर ३० दिसतं, आत वेगळंच चाललेलं असतं. वाण तगून राहतो, पण वाढीचा वेग बदलतो आणि निसिन घालायची वेळ चुकते. बीओडी इन्क्युबेटर, म्हणजे थंड करण्याची सोय असलेला, हवाच. तो नसेल तर या संचावर खर्च करू नका. पावसाळ्यात दुसरी गोष्ट: एम१७ ची पूड ओल खेचते. डबा उघडा राहिला की जूनमध्ये तिचे खडे होतात, वजन चुकतं आणि बॅचगणिक वाढ वेगळी दिसते. मोठा डबा आणून छोट्या बाटल्यांत भरा, सिलिका जेलच्या डेसिकेटरमध्ये ठेवा. आणि ग्लुकोज एम१७ बरोबर ऑटोक्लेव्ह करू नका, माध्यम तपकिरी होतं. २० टक्क्यांचं द्रावण वेगळं निर्जंतुक करून लिटरला २५ मिली घालायचं. वाण हातात आला त्या दिवशीच ग्लिसरॉल साठे करा आणि दोन वेगळ्या फ्रीजरमध्ये ठेवा. पावसाळी रात्री वीज कुठल्या बाजूची जाईल ते सांगता येत नाही.

निसिन स्वस्त मिळतं, पण बाटलीवरचं वजन आणि आतलं निसिन यात फरक आहे. नेहमीच्या पुडीत २.५ टक्के निसिन असतं, बाकी मीठ आणि दुधाचे घनपदार्थ. म्हणजे ४० मिलिग्रॅम पूड ०.०५ टक्के ॲसेटिक आम्लाच्या १ मिलीत विरघळवली की १ मिलिग्रॅम निसिनचं द्रावण झालं. न विरघळलेला गाळ सेंट्रिफ्यूजनं खाली बसवा. वरचं द्रावण त्याच आम्लात शंभरपट पातळ केलं की मायक्रोलिटरला १० नॅनोग्रॅम. १० मिली कल्चरला १ मायक्रोलिटर घातलं की मिलिलिटरला १ नॅनोग्रॅम. आम्लाऐवजी साध्या पाण्यात किंवा उदासीन बफरमध्ये ठेवू नका, निसिन आम्लात विरघळतं आणि आम्लातच टिकतं. पॉलिप्रॉपिलिनच्या नळ्या वापरा, कारण इतक्या पातळ द्रावणातलं पेप्टाइड भांड्याच्या भिंतीला चिकटून बसतं. छोट्या भागांत उणे २० अंशांवर ठेवायचं, परत परत वितळवायचं नाही.

रात्रभराचं कल्चर ताज्या माध्यमात पंचविसाला एक या प्रमाणात घाला, न हलवता वाढू द्या, ६०० नॅनोमीटरला गढूळपणाचं माप ०.४ ते ०.५ झालं की निसिन घाला आणि तीनेक तासांनी काढा. पहिल्यांदा एकाच मात्रेवर अवलंबून राहू नका. सहा नळ्या लावा: शून्य, ०.१, ०.५, १, २ आणि ५ नॅनोग्रॅम, मिलिलिटरला. या वाणात निसिनपासून बचाव करणारी जनुकं नाहीत, त्यामुळे १० च्या पुढे गेलात तर निसिन इशारा देण्याऐवजी वाढच दाबायला लागतं. रात्रभर ठेवलं तर जास्त माल मिळेल ही समजूतही सोडा. आम्ल वाढतं, आणि पेशीच्या पृष्ठभागावरचं एचटीआरए हे प्रोटीएज बाहेर पडणारी प्रथिनं खाऊन टाकतं.

खरी परीक्षा पुढे आहे. कल्चरचं वरचं द्रव सूचक जिवाणूच्या (ज्याच्यावर मारकशक्ती तपासायची त्याच्या) प्लेटवर टाकलं, भोवती स्वच्छ वर्तुळ पडलं आणि पेडिओसिन मिळालं म्हणून अहवाल लिहिला, असं फार सहज होतं. त्या वर्तुळाची किमान चार कारणं पेप्टाइडशिवाय असू शकतात. लॅक्टोकोकस आम्ल बनवतो, आणि आम्ल एकटंच वर्तुळ पाडतं. कल्चर हलवलं असेल तर हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होतं, तेही मारतं. माध्यमात क्लोरॅम्फेनिकॉल आहे, तो तर प्रतिजैविकच. आणि आपण स्वतः घातलेलं निसिन आहे, जे पेडिओसिनसारखंच ग्रॅम-पॉझिटिव्ह जिवाणूंना मारतं. म्हणून द्रवाचा पीएच ६.५ वर आणा, कॅटलेज घाला, मग गाळा. शेवटचं कल्चर क्लोरॅम्फेनिकॉलशिवाय वाढवा. तीन-चार तासांत प्लास्मिड फारसं जात नाही, तरी प्रतिजैविक असलेल्या आणि नसलेल्या प्लेटांवर मोजून खात्री करून घ्या. रिकामं पीएनझेड८०४८ असलेला एनझेड९००० शेजारी तेवढंच निसिन घालून वाढवा. हे नियंत्रण नसलेला कुठलाही निकाल मान्य करू नये, मग तो कितीही सुंदर दिसो. शेवटी ठिपक्याच्या एका कडेला प्रोटीनेज-के चा थेंब ठेवा. वर्तुळाचा त्या बाजूचा भाग चंद्रकोरीसारखा बुजला, तर मारणारी गोष्ट प्रथिन आहे. ती कोर प्लेटवर स्पष्ट उमटलेली दिसली की मग पुढच्या कामाला लागा.

सूचक म्हणून लिस्टेरिया इनॉक्युआ घ्या. त्याचा भाऊबंद लिस्टेरिया मोनोसायटोजिनीस हा रोगकारक आहे, महाविद्यालयातल्या साध्या टेबलावर त्याला जागा नाही. मोजमाप दुपटीच्या विरळणांनी करा आणि शेवटचं वर्तुळ कोणत्या विरळणाला पडलं त्यावरून एकक लिहा. नेहमीच्या १२ टक्के जेलवर ४.६ किलोडाल्टनचं पेप्टाइड शोधत बसू नका, ते खालून निघून जातं, १६.५ टक्क्यांचं ट्रायसिन जेल लागतं. जेलचा अर्धा भाग रंगवा, अर्धा चांगला धुऊन एसडीएस काढा आणि त्याच्यावर सूचक जिवाणू मिसळलेलं मऊ अगार ओता. पट्टीच्या जागीच वाढ थांबली तर त्याहून स्पष्ट पुरावा नाही.

शुद्धीकरणाला महागडं यंत्र नसेल तर ही पेप्टाइडं धनभारित आहेत याचा फायदा घ्या. पीएच ६ ते ६.५ ला ती पेशींच्या पृष्ठभागाला चिकटतात, आणि १०० मिलिमोलर मीठ घालून पीएच २ ला आणलं की सुटतात. काढणीआधी कल्चर गरम करून पेशी मारा, पीएच नीट करा, पेशी खाली बसवून धुवा आणि थोड्याशा आम्लात पेप्टाइड सोडवून घ्या. पुढे हवं तर शुद्धीकरणाचे धनायन-विनिमय आणि सी१८ हे स्तंभ. अमोनियम सल्फेटनं साका काढणार असाल तर एक गोष्ट बघा: साका बऱ्याचदा तळाशी न बसता वर तरंगतो, आणि वरचं ओतून टाकताना तोच जातो.

गोव्यात या विषयाकडे वळणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर बहुधा मासळी असते, आणि ते साहजिक आहे. २०१८ साली मडगावच्या घाऊक बाजारातल्या मासळीतल्या फॉर्मेलिन या घातक रसायनाच्या प्रकरणानंतर मासे टिकवायचा नैसर्गिक उपाय सगळ्यांनाच हवा आहे. पण इथे नीट समजून घ्यायला हवं. बर्फातल्या बांगड्याला वास येतो तो मुख्यतः शेवानेला, स्यूडोमोनास यांसारख्या ग्रॅम-निगेटिव्ह जिवाणूंमुळे. त्यांना बाहेरचं पटल असतं, पेडिओसिन किंवा निसिन त्याच्या आत पोचत नाही. ताज्या मासळीचे दिवस या पेप्टाइडांनी वाढणार नाहीत, बर्फाला पर्याय नाही. उपयोग आहे तो शिजवून सोललेली कोळंबी, खेकड्याचं मांस, धुरावलेले मासे अशा न शिजवता खायच्या, थंडीत ठेवलेल्या पदार्थांत, कारण लिस्टेरिया ४ अंशांवरही वाढतो. प्रकल्प लिहिताना हा फरक पहिल्याच पानावर असावा.

आणि पदार्थात घालायचं म्हटलं तर क्लोरॅम्फेनिकॉलला दाद न देणारं जनुक असलेलं प्लास्मिड चालणार नाही. त्यासाठी एनझेड३९०० हा वाण आणि पीएनझेड८१४९ प्लास्मिड आहे. या वाणाचं लॅक्टोज पचवायला लागणारं एक जनुक काढलेलं असतं आणि ते प्लास्मिडवर दिलेलं असतं, त्यामुळे प्रतिजैविकाऐवजी लॅक्टोजवर निवड होते. मात्र एम१७ च्या बऱ्याच पुड्यांत लॅक्टोज आधीच असतं. लेबल वाचून घ्या. निवडीसाठी लॅक्टोज आणि ब्रोमोक्रेसॉल पर्पल घातलेलं एलिकर माध्यम वापरलं की योग्य वसाहती पिवळ्या दिसतात. हे साहित्य संशोधनापुरतं दिलं जातं. विक्रीचा विचार असेल तर वेगळा परवाना लागतो, आणि जनुकीय बदल केलेल्या जिवाणूसाठीच्या सरकारी मंजुऱ्या वेगळ्या.

मागणी नोंदवण्याआधी संस्थेत जैवसुरक्षा समिती आहे का ते विचारा. पर्यावरण संरक्षण कायद्याखालच्या १९८९ च्या नियमांनुसार जनुकीय बदलाचं काम तिच्या माहितीशिवाय करता येत नाही, कितीही निरुपद्रवी जिवाणू असला तरी. छोट्या महाविद्यालयात समिती नसेल तर ताळगाव पठारावरच्या विद्यापीठासारख्या मोठ्या संस्थेबरोबर काम आखावं. तेही जमणार नसेल तर चंदीगडच्या एमटीसीसी संग्रहातून पेडिओकॉकस ॲसिडिलॅक्टिसीचे वाण मागवून त्यांत पेडिओसिन बनवणारा कोणता ते शोधा. पेडिओसिन हा जिवाणू मुळातच बनवतो, जनुकीय बदलाचा प्रश्न येत नाही, आणि वर्तुळाची तपासणी, पीएच २ ची युक्ती, ट्रायसिन जेल हे सगळं काम त्याच्यावरही तसंच करता येतं.